हळदीचे चिनी पेले

डोलवीच्या पोलाद कंपनीत भट्टी उभारायला आलेले चिनी लोक परत निघाले, तेव्हा त्यांच्यातल्या चेन नावाच्या फोरमनने प्रविणच्या हातात एक खोका ठेवला. प्रविण त्याच्या हाताखाली कंत्राटावर होता. चेनला मराठी येत नव्हतं, हिंदीही 'जल्दी' आणि 'खतम' एवढीच. आपलं लग्न ठरल्याचं प्रविणने कधीतरी हातवारे करून सांगितलं होतं, ते त्याने ध्यानात ठेवलं असणार.

घरी खोका उघडला तो प्रविणच्या आईने, काशीबाईने. आतून चिनी मातीची भांडी निघाली. बारीक मानेची एक सुरई, ती आत उभी राहील असा खोलगट वाडगा, आणि अंगठ्याएवढे पेले. पांढऱ्या अंगावर निळे मासे. तिने एक पेला उजेडाकडे धरला, तर मिठागरात राबून खरबरीत झालेली तिची बोटं त्यातून पलीकडे दिसली. तिला हसू आलं. इतकं नाजूक काही तिच्या घरात कधी आलं नव्हतं.

प्रविण म्हणाला, चहाचा सेट असेल. तिने त्याला वेड्यात काढलं. एवढ्याशा पेल्यात चिमणी तरी चहा पिईल का? हे हळदीचंच सामान, त्यांच्याकडेही पोरांना हळद लागतच असेल की. वाडग्यात हळद, सुरईत तेल, आणि एकेका सवाशिणीच्या हातात एकेक पेला. बोलता बोलता तिने सगळी मांडणी ठरवूनही टाकली.

ओटीवर बसलेल्या काळुरामने, तिच्या नवऱ्याने, सहज एक पेला उचलला आणि त्याला कळायचं ते कळलं. अंगठा आणि दोन बोटं आपसूक जागेवर बसली, मनगट किंचित मागे वळलं. वाडग्यात गरम पाणी घालून सुरईतली दारू कोमट करत असतील, हेही त्याला कोणी सांगावं लागलं नाही. असली भांडी त्याने जन्मात पाहिली नव्हती, पण उमेदीची सगळी वर्षं बाटलीपायी घालवलेल्या माणसाला असल्या गोष्टी हातानेच समजतात. त्याने पेला जपून खाली ठेवला.

त्या वर्षांतच एकदा काशीबाई लहानग्या प्रविणला घेऊन माहेरी निघून गेली होती. काळुराम न्यायला गेला, तेव्हा तिने उंबऱ्यातूनच सांगितलं होतं की घरात पुन्हा दारू दिसली तर ती जाईल, आणि मग न्यायला येऊ नये. त्याने सोडली. सुटली मात्र नव्हती. रोज उठून नव्याने सोडावी लागे. भांडण असं परत झालं नाही, पण संध्याकाळी तो घरात शिरला की काशीबाई काहीतरी निमित्त काढून जवळून जायची, आणि तोही तिला वास घेता यावा म्हणून दारात जरा रेंगाळायचा. त्यावर दोघं कधी बोलली नाहीत.

आणि आता लग्नात नेमका तोच विषय निघाला होता. त्यांच्या भावकीत हळदीच्या दिवशी नवरदेवाच्या बापाने मांडवाच्या मेढीपाशी, मुख्य खांबापाशी, पूर्वजांना घोटभर दारू ओतायची रीत होती. काशीबाईने साफ सांगितलं की तिच्या मांडवात बाटली येणार नाही, पूर्वजांना नारळाचं पाणी द्यावं. काळुरामचा चुलतभाऊ महिपती चिडला, भावकी कुरकुरली. काळुराम 'तिचं खरं हाय' एवढंच म्हणून गप्प राहिला होता. आता या भांड्यांचं खरं सांगितलं, तर ती काय समजेल? बापलेकांनी मिळून मागच्या दाराने दारू घरात घेतली, असंच की. आणि नाही सांगितलं, तर मांडवात कोणीतरी सांगेलच.

एका दुपारी ती पदराने पेले पुसत बसली होती. काळुराम समोर येऊन उभा राहिला.

"ह्या पेल्यांचं काय हाय गो..." त्याने सुरुवात केली. तिने मान वर केली. चेहऱ्यावर नव्या नवरीसारखं कौतुक होतं. "फुटतील. जपून ठेव," म्हणून तो निघून गेला.

हळदीच्या संध्याकाळी मांडव भरला. विमलबाई धवलारीण लग्नाची गाणी, धवळे, म्हणायला बसली. प्रविणची उष्टी हळद घेऊन माणसं नवरीकडे, रोह्याजवळच्या वरशाला जायची होती, म्हणून सगळ्यांचीच घाई चालली होती. सवाशिणी हातात तेल भरलेले निळ्या माशांचे पेले धरून उभ्या राहिल्या. एवढ्यात महिपतीची नजर गेली. तरुणपणी तो मुंबईला गोदीत कामाला होता.

"वहिनी," तो हसत सुटला, "चिनी बोटीवरचे खलाशी ह्यातनंच पितात. तुमच्या मांडवात दारूचा सेट चालतो, नि आमच्या आज्याला मातर नारळपाणी?"

बायका फिदीफिदी हसल्या. धवळा मध्येच थांबला. काशीबाईने हातातल्या पेल्याकडे पाहिलं आणि मग काळुरामकडे.

"तुमाला ठावं व्हतं?"

खोटं बोलायला भरपूर वाव होता.

"व्हय," तो म्हणाला. "पयल्याच दिवशी."

"मंग बोललाव नाय."

"तू खूश व्हतीस गो. आनि भ्यालो. तुला वाटलं असतं, मीच मागवला."

मांडवातली माणसं आता भांडणाची वाट पाहू लागली. काशीबाईने हातातल्या पेल्यातलं तेल सुरईत परत ओतलं, पेला पदराने आतून नीट पुसला आणि ती महिपतीसमोर जाऊन उभी राहिली.

"भावजी, तुमच्या खिशात असंलच. काढा."

महिपतीने आधी नाही नाही केलं, मग ओशाळून चपटी काढली.

"एवढ्यात वता. जास्त नाय."

पेला भरला. तो तिने दोन्ही हातांनी काळुरामपुढे धरला. "जावा. तुमच्या बापाला देऊन या."

काळुरामने पेला घेतला. वास नाकात शिरला आणि तोंडाला पाणी सुटलं. त्याची त्याला सगळ्या मांडवादेखत लाज वाटली. थोडी दारू बोटांवर सांडली. मेढ चार पावलांवर होती, पण ती पावलं संपता संपेनात. त्याने वाकून पेला उपडा केला. मातीने दारू शोषून घेतली. बापाचं नाव त्याने मनातच घेतलं.

उठून त्याने मागे पाहिलं. सगळा मांडव त्याच्याकडे पाहत होता. काशीबाई पाठमोरी होती. विमलबाईला 'धर गो पुढचा' म्हणत ती वाकून पोराच्या गालाला हळद लावत होती. तिने एकदाही वळून पाहिलं नाही.

काळुराम हात धुवायला पिंपाकडे गेला.