झोपलेल्या जिताड्यांचा ड्रम

मी एक जुना निळा ड्रम आहे, मित्रांनो. पेणजवळ, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, म्हणजे खाजणात, दयारामच्या घरामागे उपडा पडलो आहे आणि कोंबड्या माझ्या पाठीवर बसतात. जवळ याल तर अजूनही लवंगेचा वास येईल. पण मला मसाल्याचा ड्रम समजू नका. माझी गोष्ट माशांची आहे, आणि ती आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

कारखान्याच्या साच्यातून निघालो तेव्हा मी चकचकीत होतो. दयारामकडे आलो तो हळदीच्या पाहुण्यांचं सरबत भरायला. पाहुणे गेले आणि माझी रवानगी तळ्याकाठी झाली. दयाराम आणि त्याची बायको सोनूबाई आधी मिठागरावर राबायची. मिठागर बंद पडलं, तेव्हा त्यांनी तिथेच तळं खणून जिताडे पाळले. जिताडा हा आमच्याकडचा मानाचा मासा. जावई येवो की साहेब, ताटात जिताडा हवाच.

दुसऱ्यांच्या तळ्यांवर जिवंत जिताडे पोचवणं हे माझं काम. पण जिताडा स्वभावाने भारी तापट! टेम्पो हलला की तो माझ्या अंगावर धडका द्यायचा, शेजारच्याला चावायचा. पाणी लाल व्हायचं. प्रत्येक खेपेला एखादा तरी मरायचा आणि त्या दिवशी सोनूबाईला घास जायचा नाही.

मग त्यांची मुलगी कल्पिता मत्स्यपालन शिकून आली. तिच्या हातात लवंगेच्या तेलाची बाटली होती.

"अगो, दात दुखतो काय त्यांचा?" सोनूबाई हसली.

कल्पिताने तेलाचे थोडे थेंब स्पिरिटमध्ये घुसळले आणि माझ्यातल्या पाण्यात मिसळले. हळूहळू जिताडे शांत झाले. कल्ले संथ हलत राहिले. मुक्कामी पोचल्यावर तिने एकेकाला दोन्ही हातांवर धरून जाग यावी म्हणून स्वच्छ पाण्यात पुढे-पुढे चालवलं. थोड्या वेळाने शेपटी हलली आणि मासा हातातून निसटला. एकही मेला नाही.

"हा ड्रम न्हाय, पाळणा हाय पाळणा!" सोनूबाई माझ्यावर थाप मारून म्हणाली. खरं सांगतो, तेव्हा मला फार बरं वाटलं.

पुढे रस्त्याची आखणी झाली आणि ती नेमकी आमच्या तळ्यावरून गेली. जिताडा दिला की काम होतं, असं आमच्याकडे म्हणतात. दयारामने चांगले चांगले जिताडे साहेबलोकांच्या घरी पोचवले. जिताडे गेले, काम काही झालं नाही. शेवटी सहाच उरले, सगळ्यांत जुने. त्यांतला एक जण एका डोळ्याने आंधळा होता, त्याला सोनूबाई येसाजी म्हणायची. तो तिच्या हातून खायचा.

"हे सहा तरी जगले पायजेत," तिने नवऱ्याला बजावलं. "विकायचे न्हाय, कापायचे न्हाय."

रेवदंड्याच्या पुढे युनुसभाईंचं तळं होतं. ते म्हणाले, "आणा इकडे, आपलंच समजा." भरावाचे डंपर आले त्या सकाळी आम्ही निघालो. सहाही जण माझ्यात निजले होते. सोनूबाई टेम्पोत मागे, माझ्याजवळ बसली. एक हात पाण्यात घालून ती येसाजीचे कल्ले चाचपत होती.

तळ्यावर पोचलो तर युनुसभाई आणि त्यांची बायको आबिदा बांधावर उभे. पहाटेच्या उधाणाने बांध फुटला होता. कारखान्यांच्या सांडपाण्याने काळं झालेलं खाडीचं पाणी आत शिरलं होतं आणि त्यांचे सगळे मासे उलटे तरंगत होते.

"सकाळपासून फोन लावतोय, दयारामभाऊ," युनुसभाई म्हणाले. दयारामचा फोन घरी राहिला होता. पण फोन लागला असता तरी टेम्पो कुठे वळवणार होते? मागे तळं बुजत होतं आणि खाडीत तेच काळं पाणी होतं.

आबिदाने विहिरीचं पाणी काढून दिलं. पण बादलीभर पाण्यात जिताडा कसा राहणार? येसाजीची शेपटी किंचित हलली. त्याला जाग येत होती.

"आये, आता काय करू?" कल्पिता रडायला लागली.

सोनूबाईने तिच्या हातून बाटली घेतली. "जागं होऊन एकमेकांना फाडतील, तडफडतील. कुणासाठी उठवायचं गो? निजू दे त्यांना."

तिने सगळं तेल माझ्यात ओतलं आणि हाताने ढवळलं. मग येसाजीला तळव्यावर धरून ती कल्ले थांबेपर्यंत तशीच उभी राहिली. बांधाशेजारच्या मातीत त्यांनी सहाही जिताडे पुरले.

त्यानंतर मला कोणी हात लावला नाही. सोनूबाई माझ्याजवळून जाते तेव्हा तोंड फिरवते. तिचा राग नाही मला. मी पाळणा होतो, मीच तिरडी झालो, याचं दुःख मात्र जात नाही.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, असं मी म्हणणार नाही. माझ्यासारखे ड्रम बाजारात हवे तेवढे मिळतात. तुमच्या गावात एखादं तळं अजून शिल्लक असेल, तर तेवढं राखा. मासा झोपवायला चार थेंब तेल पुरतं, पण त्याला उठवायचं तर पाणी लागतं. ते आमच्याकडे उरलं नाही.