फिलोमिनाचा कोनाडा

अकरा ऑगस्ट हा संत फिलोमिनाचा दिवस. माझंही नाव तेच. आमचे नवे फादर योगेश म्हणतात, तो आता तिचा दिवस नाही, चर्चच्या पंचांगात त्या तारखेला संत क्लारा आहे. पंचांग मीही पाहते. पंचाहत्तर वर्षांची झाले, पण त्या दिवसाचं वाचन आणि त्या दिवसाचा संत वाचल्याशिवाय अजून सकाळचा चहा घेत नाही. क्लाराशी माझं काही वाकडं नाही. पण अकरा ऑगस्टला मी फिलोमिनाच्या नावानं उकडलेले हरभरे आणि गूळ वाटते, आणि वाटणार.

आमची वाडी मोर्शीच्या अलीकडे, संत्र्यांच्या बागांत. चर्च लहान. पुरुषांच्या बाजूला एक कोनाडा, त्यात योसेफ. बायांच्या बाजूला एक, त्यात फिलोमिना. माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी एका म्हाताऱ्या फ्रेंच फादरांनी ती मूर्ती मागवली. माझा बाप पुंजाजी बागेत रखवालदार होता. त्यानं बडनेऱ्याच्या स्टेशनावरून तिची पेटी बैलगाडीनं आणली. मूर्तीच्या हाती जहाजाचा नांगर. आमच्याकडे जहाज कोणी पाहिलंय? माझी माय जयवंता म्हणाली, "पोरीच्या हातात वखराची पास हाय." पास म्हणजे वखराचं लोखंडी पातं. बायांना ते पटलं. शेतात राबणारी पोर म्हणून त्यांनी तिला आपल्यात घेतलं.

मी अकरा वर्षांची असताना रोमहून हुकूम आला. या संताची खात्रीची माहिती सापडत नाही, तिचं नाव पंचांगातून काढा. मी दिवसभर रडले. बाप म्हणाला, "काहून रडून राह्यली? माही तरी नोंद कुठं हाय?"

नव्हतीच. त्याच्या जन्माचा कागद कुठेच नव्हता. वाडीतल्या निम्म्या लोकांची जन्मतारीख एक जून, शाळेत मास्तरांनी अंदाजानं टाकलेली. मूर्ती कोनाड्यातच राहिली. त्या वेळच्या फादरांनी तिला हात लावला नाही, त्यांच्यानंतर आलेल्या कोणीच लावला नाही.

यंदा अमरावतीच्या एका कुटुंबानं चर्चला संत अंतोनीची मोठी मूर्ती दिली. रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर फादर योगेशनी सांगितलं, फिलोमिना आता वेदीमागच्या खोलीत जाईल, तिचा कोनाडा अंतोनीला. काम उद्या सकाळीच. उद्या म्हणजे अकरा ऑगस्ट. त्यांनी तारीख मुद्दाम धरली नव्हती, त्यांच्या ध्यानातच नव्हती. मला त्याचाच जास्त राग आला.

सोमवारी पहिलं वाचन माझ्याकडे होतं. ते मी घरून वाचूनच आले होते. बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातलं, दहावा अध्याय. देव तोंड पाहून न्याय करत नाही. तो अनाथाची आणि विधवेची बाजू घेतो, परक्याला अन्नवस्त्र देतो. तुम्हीही परक्यावर प्रीती करा, तुम्हीही मिसर देशात परके होतात.

वाचकानं वाचायचं, 'हा प्रभूचा शब्द' म्हणायचं आणि जागेवर जाऊन बसायचं. आपलं काही घालायचं नाही. हे मीच आमच्या पोरींना शिकवलंय. पण त्या दिवशी मी पुस्तकावर हात ठेवला आणि म्हणाले, "या देवळात एक परकी पोर पाऊणशे वर्षं उभी आहे. तिच्याजवळ कागद नाही. आज तिच्या दिवशी तिला आपण अडगळीत टाकणार आहोत. हा प्रभूचा शब्द."

"देवाला धन्यवाद," सगळे सवयीनं म्हणाले आणि मग एकमेकांकडे पाहू लागले. फादर जोरानं खोकले.

मिस्सा संपल्यावर ते तडक माझ्याकडे आले. हे अकोल्याचे. वेदीवर शुद्ध बोलतात, चिडले की घरचं बोलतात.

"आजी, हे काय करून राहिल्या तुमी? वाचनपीठ काय भाषणाले असते?"

"नसते. माझी चूकच झाली. पाप-निवेदनाला येईन तेव्हा सांगीन. पण मूर्ती हलणार नाही."

"तिले कोणी फेकून नाही राहिलं. खोलीत ठेवतो म्हटलं. खोलीची चावी द्या."

ती चावी चाळीस वर्षं माझ्याकडे आहे. वेदीची वस्त्रं मीच धुते. मी चावी पदराच्या गाठीत बांधली आणि गाठ कमरेला खोचली.

"देत नाही."

लीलाबाई तेवढ्यात फुलांची टोपली घेऊन आली. ती ख्रिस्ती नाही, बाजारात फुलं विकते, पण दर सोमवारी फिलोमिनाला शेवंती देते. तिला सगळं कळलं तेव्हा टोपली खाली ठेवून म्हणाली, "फादर, कुलूप तोडा ना मंग. जवान आहा तुमी. म्हातारीच्या कमरेत हात घालता का?"

बाया हसल्या. फादर लालबुंद झाले.

"लीलामावशी, तुमी तरी समजून घ्या. यादीतच नाही ना ते नाव!"

"कोनत्या यादीत? रेशनच्या?"

मी म्हणाले, "फादर, मान्य आहे. तिच्या नावाची मिस्सा करू नका, मी मागत नाही. पण पंचांगातून नाव काढा असा हुकूम होता, गोरगरिबांच्या समोरून तिला उचला असा नव्हता. असेल तर कागद दाखवा. मी स्वतः तिला उचलून आत नेते."

त्यांच्याजवळ कागद नव्हता. ते कोनाड्याच्या कामाला आलेल्या गवंड्याला म्हणाले, "आज राहू दे," आणि निघून गेले. अंतोनी दाराशी एका स्टुलावर राहिला. मी हरभरे वाटले. फादरांच्या घरीही वाटी पाठवली. वाटी रिकामी परत आली, निरोप काही आला नाही.

पुढल्या रविवारी वाचकांची नवी यादी लागली. तिच्यात माझं नाव नव्हतं. प्रणाली, माझ्याच हाताखाली शिकलेली पोर, यादीपाशी माझ्याकडे न बघता म्हणाली, "आजी, तुम्ही माफी मागा ना. लगेच घेतील."

"वाचनाच्या मधे बोलले त्याची मागितली. मूर्तीची कशाला मागू?"

"मग तुमचं नाव नाही येणार."

"फिलोमिनाचं जाऊन चौसष्ट वर्षं झाली. माझं आज गेलंय."

मी आत गेले, बायांच्या बाजूला, फिलोमिनाच्या कोनाड्यासमोर पहिल्या बाकावर बसले. प्रणाली वाचायला उभी राहिली तशी तिला म्हटलं, "हळू वाच, आणि मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाऊ दे."