सातव्या सालचं कासव

१

तिनं नाणं चिमटीत काठाला धरून उचललं आणि कंपाउंडरचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही हं, काका," ती म्हणाली आणि तिनं नाणं उलटून पाहिलं. उलटतानाही दोन्ही बोटं काठावरच. नाण्याच्या तोंडाला तिनं बोट लागू दिलं नाही.

ज्याला कळत नाही तो नाणं तळहातावर घेतो, अंगठ्यानं चोळतो, मजेत वर उडवून झेलतोसुद्धा. कंपाउंडरनं हे शेकडो वेळा पाहिलं होतं. घामाचा डाग नाण्यात मुरतो आणि मग तो कशानं निघत नाही, हे शिकण्यासाठी प्रत्येकाला निदान एक चांगलं नाणं घालवावं लागतं. हिनं कुठलं घालवलं?

त्यानं कप खाली ठेवला. बशीत थोडा चहा हिंदकळला.

२

ती जहाजवाल्याची मुलगी. जहाजवाला म्हणजे जहाजांवर विजेची कामं करण्यात उमर घालवलेला, बंदरोबंदरीचे सुटे पैसे मोज्यात भरून घरी आणणारा आणि निवृत्त झाल्यापासून अकरा वर्षं दर गुरुवारी दुपारी चारला या टेबलाच्या पलीकडे बसणारा कंपाउंडरचा दोस्त. त्याला जाऊन दोन महिने झाले होते.

कंपाउंडरचा जन्म औषधाच्या दुकानात पुड्या बांधण्यात गेला. दुकान सुटलं, पण वजन करण्याची खोड सुटली नाही. पाव आणला तरी तो काट्यावर ठेवायचा. बायको होती तेव्हा म्हणायची, "लग्नाआधी माझंही वजन करून घेतलं होतंत की काय?" परदेशी नाण्यांचा नाद लागल्यावर तर या खोडीला घरच मिळालं. या धंद्यात दर दुसरा माणूस गोड बोलून नकली माल गळ्यात मारतो. कंपाउंडर कुणालाच मानायचा नाही, काट्याला मानायचा.

जगात एकाच माणसाला त्यानं वजन न करता घेतलं होतं.

३

"डबा अख्खाच द्यायचाय," ती म्हणाली. "आज एका बैठकीत आटपू. पुन्हा पुन्हा रजा नाही मिळत मला."

डबा बिस्किटांचा, झाकणाला गंज. आत कागदाची चौकोनी पाकिटं दाटीनं उभी, प्रत्येकावर जहाजवाल्याचं तिरकं अक्षर. नाणं कधी घेतलं, कुणाकडून घेतलं.

"कुणाला दाखवलंस का आधी?" कंपाउंडरनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कुणाला दाखवणार? बाबा सांगून गेले, आधी कंपाउंडरकाका."

असं म्हणत तिनं मांडीवरची पर्स मिटली. मिटता मिटता आतल्या पिवळ्या कागदाचा कोपरा दिसला. अशा पिवळ्या चिठ्ठ्या गावात एकच जण देतो, बाजारातला नाणेवाला, तपासणी केली की. कंपाउंडरच्या मनात पाल चुकचुकली. काठाला धरते, बाजारात जाऊन येते आणि इथं येऊन ओ की ठो कळत नाही म्हणते. म्हणजे तपासणी नाण्यांची नव्हती, त्याची होती.

"काय करतेस तू हल्ली?"

"एक्स-रे काढते. दवाखान्यात." ती हसली. "वरून ठणठणीत दिसणाऱ्या माणसावर माझा विश्वास नसतो, काका. सवयच लागते."

"चांगली सवय आहे," कंपाउंडर म्हणाला, आणि दोघंही चहा प्यायले.

४

तिनं काठाला धरलेलं नाणं त्याच्यापुढच्या मखमलीच्या तुकड्यावर ठेवलं तेव्हा कुठं त्यानं ते नीट पाहिलं.

कासव. पाठीच्या मधोमध गोल भोक. खाली साल.

त्यानं साल दुसऱ्यांदा वाचलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

दूरच्या एका बेटावर हे कासवाचं नाणं बारा वर्षं निघत होतं. दर साली एक, कासव तेच, आकडा नवा. सातव्या साली टाकसाळीत पाणी शिरलं म्हणे, त्यामुळे त्या सालची नाणी मोजकीच निघाली. कंपाउंडरनं फाइल काढून या मालिकेचं पान उघडलं. बारा कप्पे. अकरा भरलेले. सातवा अकरा वर्षं रिकामा. त्या कप्प्याचं प्लास्टिक बोट फिरवून फिरवून धुरकट झालं होतं.

त्यानं नाणं काट्यावर ठेवलं. वजन बरोबर. लोहचुंबक जवळ नेला. नाणं हललं नाही. भिंगाखाली धरलं. साच्यात धातू ओतून केलेल्या नकली नाण्यावर बारीक बारीक खड्डे असतात, आणि काठावर जोडाची रेघ. इथं खड्डा नव्हता. रेघ नव्हती. कासवाच्या डोळ्याची कडासुद्धा शाबूत होती.

नाणं खणखणीत होतं. आणि ते जहाजवाल्याच्या डब्यातून निघालं होतं. त्याच जहाजवाल्याच्या, जो दर गुरुवारी दारातूनच विचारायचा, "काय कंपाउंडर, मिळालं का रे तुझं कासव?"

५

नाण्याचं पाकीट त्यानं हातात घेतलं. वाचण्याच्या घाईत ते उभं फाटलं. दोन तुकडे जुळवून त्यानं वाचलं.

"निळ्या टोपीवाल्याकडून." खाली तारीख.

निळ्या टोपीवाला कंपाउंडरला चांगला आठवत होता. शाळेच्या हॉलमध्ये नाण्यांचा मेळा भरला होता, आठ वर्षांपूर्वी. टोपीवाल्याच्या टेबलावर सातव्या सालचं कासव होतं, आणि कंपाउंडरचा हात खिशात गेलेला होता.

पाकिटावरची तारीख मेळ्याच्या दुसऱ्या दिवसाची.

"अजून आहेत तशी," मुलगी म्हणाली. "कासवं. बघा ना, शेवटाकडे."

अजून दोन होती. एक "गल्लीतल्या वकिलीणबाईंकडून". एक "टपालानं", गेल्या हिवाळ्यात. दोन्ही सातव्या सालची. वकिलीणबाईही आठवत होत्या, टपालानं तपासायला आलेलं नाणंही. तिन्ही वेळा नाणं आधी कंपाउंडरपुढं आलं होतं. तिन्ही वेळा त्यानं ते सोडून दिलं होतं.

६

कारण तिन्ही वेळा जहाजवाला शेजारी उभा होता.

"थांब रे. इकडे दे." नाणं उजेडाकडे धरायचं. एक डोळा मिटायचा. बराच वेळ काही बोलायचं नाही. मग हळूच, विकणारा समोर असला तर त्याला ऐकू जाणार नाही असं:

"ओतीव आहे."

"वजन बरोबर आहे पण."

"वजन तर आजकाल कुणीही जुळवतं. माझी नजर सांगते. घे, तुला पैसे फेकायचे असतील तर घे बाबा. मी कोण सांगणारा."

आणि कंपाउंडर, जो पाववाल्यावरही विश्वास ठेवायचा नाही, तो खिशातला हात बाहेर काढायचा. मग जहाजवाला त्याच्या पाठीवर थाप मारायचा. "मिळेल रे. घाई कसली आहे? कासव आहे ते. सावकाश येणार."

यावर दोघं हसलेही होते. तिन्ही वेळा.

७

८

केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते कंपाउंडरला म्हातारपणी कळलं. त्यानं तिन्ही कासवं मखमलीवर ओळीनं मांडली. समोर ज्याला जाब विचारावा तो नव्हता. त्याची मुलगी होती, आणि तिचे डोळे बापासारखेच, एक किंचित बारीक.

"तुझे बाबा धंदा करायचे का यात?" त्यानं विचारलं. "घेतलेलं चढ्या भावानं विकायचं, असं?"

"बाबा?" ती खो खो हसली. "काका, आमच्या घरात तुटकी छत्रीसुद्धा विकली गेली नाही कधी. आई म्हणायची, या माणसाला घेता येतं, देता येत नाही."

"तू काठाला बरोबर धरतेस नाणं."

"धरणारच. लहानपणी नाण्याला बोट लावलं की टपली बसायची. अजून बसेल असं वाटतं." तिनं डोक्याला हात लावला.

कंपाउंडरची एक शंका गेली होती, पण ती गेल्यानं दुसरी जास्तच टोचायला लागली. चोराला चोरी पचवायची असते. यानं घेतलं, पाकिटात घातलं, डब्यात उभं केलं, आणि आठ आठ वर्षं नुसतं राहू दिलं. विकायचं नव्हतं. स्वतःची कासवांची मालिका जमवावी, तर डब्यात दुसरं एकही साल नव्हतं. नुसती सातव्या सालची तीन. भूक नाही आणि ताट मात्र उचलून नेलं. कुठंतरी पाणी मुरत होतं, आणि ते कुठं ते त्याला सापडत नव्हतं.

"अजून काय आहे डब्यात?"

"तळाला एक वही आहे," ती म्हणाली. "छोटीशी. हिशेबाची असेल."

९

हिशेबाची नव्हती. पहिल्या पानावर, एकेकाळी या टेबलाभोवती जमणाऱ्या गुरुवारच्या मंडळींची यादी होती. नावं नव्हतीच, जहाजवाला कुणाला नावानं हाक मारायचा नाही.

गॅरेजवाला. संच पुरा. नंतर दोनदा आला. मग नाही.

चित्रकलेचे सर. संच पुरा. विकून टाकला. आता बागकाम.

बँकेतल्या बाई. संच पुरा. फोन उचलत नाहीत.

कंपाउंडर. एक कमी.

पुढच्या पानांवर फक्त वर्षं होती, एकाखाली एक, आणि प्रत्येक वर्षापुढे तेच दोन शब्द. एक कमी. एक कमी. एक कमी. अक्षर दरवर्षी थोडं जास्त तिरकं होत गेलेलं. शेवटच्या वर्षीचं तर पुरतं कलंडलं होतं, पण वाचता येत होतं.

कंपाउंडरनं मान वर केली. मुलगी खिडकीबाहेर बघत होती. बाहेर एक भिंत होती, आणि त्या भिंतीवर बघण्यासारखं काहीही नव्हतं. ती फारच लक्ष देऊन बघत होती.

१०

टेबलाभोवती अजूनही खुर्च्या पाच होत्या. तीन कधीच्या भिंतीला लावलेल्या, त्यांच्यावर वर्तमानपत्रांची रद्दी. चौथीवर आता ती बसली होती.

११

"मग?" ती म्हणाली. "काय म्हणता, काका? अस्सल आहेत?"

कंपाउंडरनं निळ्या टोपीवाल्याचं कासव चिमटीत उचललं. फाइलचं पान उघडंच होतं. सातवा कप्पा वीतभर अंतरावर होता. त्यानं नाणं उजेडाकडे धरलं. एक डोळा मिटला. बराच वेळ काही बोलला नाही.

"ओतीव वाटतंय," तो म्हणाला.

"ओतीव?"

"वाटतंय म्हटलं. वजन जुळतं. पण वजन तर आजकाल कुणीही जुळवतं." थंड झालेल्या चहाचा एक घोट घेऊन तो पुढे म्हणाला, "दुसरी दोनही पुन्हा बघावी लागतील. सगळ्या डब्याचंच तसं आहे. एका बैठकीत होणारं काम नाही हे. नजर थकते. दर गुरुवारी दहा-दहा पाकिटं काढू."

"काका, तीनशेच्या वर आहेत पाकिटं."

"असू देत."

ती त्याच्याकडे बघत राहिली. एक्स-रेची फिल्म उजेडापुढं धरून बघावं तशी.

"हे नकलीच असेल तर तुम्हीच ठेवून घ्या की," ती सावकाश म्हणाली. "असंच. फुकट. तुमचा कप्पा तरी भरेल."

"नको!"

तो इतक्या जोरात म्हणाला की त्याचं त्यालाच दचकायला झालं. त्यानं फाइल मिटली आणि तिच्यावर हात ठेवला.

"तुझ्याकडेच ठेव," तो म्हणाला. "जपून ठेव. ओल लागू देऊ नकोस. दुसऱ्या नाण्यांवर घासू देऊ नकोस. आणि धरताना..."

"काठाला," ती म्हणाली.

१२

पाकीट फाटलेलं होतं. तिनं टेबलावर नजर फिरवली, मग पर्स उघडली आणि तो पिवळा कागद काढून टेबलावर पसरला. लपवायचं म्हणून काही केलं नाही, उलट हातानं सुरकुत्या सारख्या केल्या. वर बाजारातल्या नाणेवाल्याचा शिक्का होता. खाली निळ्या शाईत तीन ओळी. तीन कासवं. तपासली. अस्सल.

कंपाउंडरनं ती चिठ्ठी वाचली. तो वाचतोय हे तिनं पाहिलं. त्यानं भिंग उचललं आणि उगाच रुमालानं पुसायला घेतलं.

तिनं कासव चिठ्ठीच्या मधोमध ठेवलं, चारी बाजूंनी नीट घड्या घातल्या, ती पुडी डब्यात उभी केली आणि झाकण दाबून बसवलं. मग डबा उचलून काखेत मारला. दारापाशी जाऊन चप्पल घालताना थांबली.

"गुरुवारी चारलाच ना?"

"चारला."

"साखर जरा कमी घाला चहात. बाबांना चालायची तेवढी मला नाही चालत."

"माप सांग मग," कंपाउंडर म्हणाला. "मी वजन करून घालतो."