वामनरावाचा भूतशिकारी

अमरावतीच्या नाट्यस्पर्धेसाठी अकोल्यात कापसाच्या जिनामागे तालीम चालली होती. वामनरावाने आपला शहरी भूतशिकारी नेटका घडवला होता: काळा कोट, हातात कंदील आणि भुताला एकच प्रश्न. तेवढ्यात शेजारून किंकाळी आली. तापात बरळणाऱ्या सुनेला, ललिताला, बाहेरचं लागलंय म्हणून केशरबाईने डाग द्यायला सळई तापवली होती.

वामनराव कोटासकट आत शिरला. संवाद पाठ होते. पण सळई खरी होती.

"थांब मावशी! आधी भुताले इचारा लागते."

"लिंबू कुठी हाय तुयं?"

"लिंबू कच्च्या भगताले लागते." त्याने कंदील उचलला. "बोल, काय पायजे तुले?"

ललिताने डोळे उघडले. सासू सुनेचं ऐकत नसे, पण भुताचं मागणं मोडायची तिची छाती नव्हती.

"मले मोठ्या दवाखान्यात ने," ललिता घोगऱ्या आवाजात म्हणाली, "नाई तं सासूले धरतो."

केशरबाईने सळई बादलीत बुडवली. "वामन्या, टांगा आन. आन् भुताजवळ तूच बस."