घरातली सर्दी

विम्याचा फॉर्म बंद व्हायला दहा मिनिटं उरली होती. परदेशातल्या वसतिगृहातून लेक फोनवर विचारत होती, "आई, 'आधीचे आजार' इथे काय लिहू?"

"सर्दी," आई कुजबुजली. बाहेर नणंद बसली होती, आणि स्थळं फिरकणार नाहीत या धास्तीने घरातले वीस वर्षं लेकीच्या दम्याला सर्दीच म्हणत आले होते.

"लपवलं आणि अटॅक आला, तर विमावाले मला विमानाने घरी आणणार नाहीत. इथेच धापा टाकत पडेन."



"वहिनी, पोरीला पुन्हा सर्दी का?" नणंदेने बाहेरून विचारलं.

"दमा आहे तिला, वन्सं! लहानपणापासून!" आई ओरडलीच. मग फोनमध्ये म्हणाली, "लिही बाई. आणि स्पेलिंग नीट बघ."