गजावरची लाल खूण

ठासणीच्या बंदुकीला बाईनं हात लावायचा नाही, हा माझ्या सासऱ्यांचा, चंद्रभानमामांचा, नियम. भुईमूग खुरपायचा मी, बंदूक मात्र पुरुषांची! रानडुकरं पळवायला हवेत बार काढायचा, एवढंच तिचं काम; पण तोरा केवढा.

तरी मामांनी मला एकदा गंमत दाखवली होती. नळीपुढं पांढरं धोतर अंथरून त्यांनी एकाऐवजी दोन मापं दारूचा बार काढला. धोतरावर काळे दाणे पडले.

"बघ सविता, वरची दारू जळतच न्हाई. वाया जाती, अन् नळीला ताण."

माझ्या नवऱ्याला, योगीराजला, हे कोण सांगणार? आदल्या आठवड्यात त्याचा बार फुसका निघाला आणि शेजारचा सटवाजी हसला. झालं! त्या सकाळी डुकरं भुईमुगात शिरली, तेव्हा यानं दोन मापं ओतली, चिंध्यांचा बोळा घातला आणि लोखंडी गजानं ठासला.

गजावर लाल खूण आहे. एक माप भरलं की ती नळीच्या तोंडाशी येते. दोन मापांना बोटभर वर राहिली असती. ती चार बोटं वर होती.

"मामा, बंदूक आधीच भरल्याली व्हती का?"

बांधावर बसलेले मामा ताडकन उठले.

"काल म्या ठासली व्हती. टोपी फुटली, ठिणगी पडली, पर बार उडाला न्हाई. सांगायचं राह्यलं. नळी फाटंल, पोरी!"

योगीराज तोवर पिकात पुढं जाऊन, नवी टोपी बसवून, घोडा ओढून, नळी आभाळाकडं करून उभा. मी जीव तोडून ओरडले. पण सटवाजीची माणसं डबे बडवत होती, त्याला काही ऐकू जाईना. मी उभं पीक तुडवत पळाले. त्याचं बोट चापावर गेलं आणि मी घोडा नि टोपीच्या मधे अंगठा घातला.

घोडा पडला. बार झाला नाही. किंचाळले ते मीच.

योगीराज चिडून वळला. मग त्यानं गज पुन्हा नळीत सोडला, खूण पाहिली आणि टोपी काढून खिशात टाकली. डुकरं निवांत भुईमूग उकरत होती.

मामा धापा टाकत आले. धोतराचा सोगा फाडून त्यांनी माझा अंगठा बांधला.

"बाईनं हात लावायचा न्हाई म्हनला व्हता ना?" मी रडतरडत विचारलं.

"तू लावला म्हनून पोरगं हाय माझं," मामा म्हणाले आणि गज त्यांनी माझ्या दुसऱ्या हातात दिला.