एकूण पेट्या

सासऱ्यांनी पेटीशेजारी गुडघा टेकवला, ब्रश डब्याच्या कडेवर पुसला आणि जुन्या पत्त्यावरून काळ्या रंगाचा पहिला हात फिरवला. आधी मुलाचा हुद्दा गेला, मग नाव गेलं, मग ज्या गावात त्यांनी तीन वर्षं काढली ते गावही गेलं.

"आजोबा, गेलं की सगळं," शेजारच्या पेटीवर पाय हलवत बसलेली नात म्हणाली.

"जायलाच पाहिजे. जुन्यावर नवं लिहिलं तर सामान भलतीकडेच जातं."

पलटणीत ते पेंटर होते. गाड्यांचे नंबर, ऑफिसबाहेरच्या पाट्या, रस्त्याकडेचे पांढरे दगड, सगळं त्यांच्या हातचं. सासूबाई गेल्यावर ते मुलाकडे राहायला आले आणि तेव्हापासून दर बदलीला घरच्या पेट्या त्यांनीच रंगवल्या. हल्ली चहाचा कप त्यांच्या हातात थरथरायचा, निम्मा चहा बशीत यायचा. पण ब्रश धरला की तोच हात असा काही शांत व्हायचा की सून कामं टाकून बघत राहायची.

आज ती बघत नव्हती. दुपार कलली तरी स्वयंपाकघरात बसून ती काचेचे ग्लास चादरीच्या तुकड्यांत गुंडाळत होती. एकच ग्लास पुन्हा पुन्हा सोडत होती आणि पुन्हा गुंडाळत होती.

बदलीची जागा फार उंचावर होती. तिथली हवा विरळ. सासऱ्यांची छाती तपासून झाल्यावर डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेतलं आणि सांगितलं, यांना तिकडे नेणं म्हणजे जाणूनबुजून जिवाशी खेळ आहे. तेव्हा त्यांनी लेकीकडे राहायचं असं ठरलं, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. लेक लगेच हो म्हणाली. जावयाने जरा वेळ घेतला, पण तोही म्हणाला. सगळं ठरलं. फक्त ज्यांचं ठरलं त्यांना सांगायचं राहिलं होतं.

नवरा तिच्या मागे येऊन उभा राहिला. सीमेवर रात्ररात्र जागलेला माणूस, पण गेला आठवडाभर स्वतःच्या बापासमोर जायला कचरत होता.

"बोललीस?"

"मी का? बाबा तुमचे आहेत."

"पण ऐकतात तुझं. मी समोर गेलो की आम्हा दोघांचीही तोंडं शिवली जातात." त्याने आवाज खाली आणला. "अगं, पत्ते लिहून होत आलेत. आता आकडे घालायला घेतील. त्याच्या आत सांग, नाहीतर सगळ्या पेट्या परत रंगवाव्या लागतील."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पत्त्यानंतर प्रत्येक झाकणाच्या कोपऱ्यात दोन आकडे पडत. पेटी कितवी, मग तिरकी रेघ, मग एकूण पेट्या किती. ट्रकमधून उतरवताना एखादी राहिली तर तिथल्या तिथे कळावं म्हणून. घरात पेट्या होत्या दहा. दहावी सासऱ्यांची, आणि ती या ट्रकमध्ये चढणार नव्हती.

"तुम्हाला रंगाची पडलीय?" ती म्हणाली.

"मला कशाची पडलीय ते बोलता येत नाही ना," तो म्हणाला. "म्हणून तर तुझ्या गळ्यात घालतोय."

तिला त्याचा राग आला आणि कीवही आली. बाहेरून नातीचा आवाज आला.

"आजोबा, तुमची पेटी कधी?"

"पेंटरची पेटी शेवटी असते."

यावर आजोबा-नात दोघंही हसले. सुनेने ग्लास खाली ठेवला. हीच मुलगी झाली तेव्हा नवरा सीमेवर होता आणि सासरे दवाखान्याच्या बाकावर रात्रभर ताटकळले होते. नर्सने बाहेर येऊन विचारलं, "वडील कोण?" तर हे ताडकन उभे राहिले आणि म्हणाले, "हजर!" नर्स हसून हसून बेजार. नंतर घरात त्यावरून किती चेष्टा झाली. ते मात्र आपला मुद्दा सोडत नव्हते. म्हणायचे, "मला वाटलं, आत जी कण्हतेय तिचे वडील विचारतायत. मग मीच नाही का?" तिचे स्वतःचे वडील ती शाळेत असतानाच गेले होते.

ती उठली. व्हरांड्यात येऊन तिने मुलीला आत पिटाळलं आणि सासऱ्यांसमोर फरशीवर बसली.

"काय स्टोअरकीपर, आवरलं का भांडार?"

"बाबा, जरा थांबता का? आकडे घालायच्या आधी मला एक..."

"घातले की. ओले आहेत, हात लावू नकोस."

आता हे सगळं पुन्हा पुसायला लागणार, आणि का पुसायचं तेही सांगायला लागणार. तिने जवळच्या पेटीच्या कोपऱ्याकडे पाहिलं. मग पलीकडच्या. मग ती गुडघ्यांवर सरकत सरकत एकेक पेटी बघत गेली.

१/९. २/९. ३/९.

दहावी पेटी भिंतीशी होती. तिच्यावर रंगाचा थेंबही नव्हता.

"बाबा, हे नऊ..."

सासरे फडक्याने ब्रश पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"डॉक्टर त्याला बाजूला घेऊन गेला तेव्हाच समजलो. चांगली बातमी कोण बाजूला नेऊन सांगतं?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुमचीच इतकी धडपड चाललेली, मला कळू नये म्हणून. म्हटलं, सांगतील त्यांच्या वेळेने."

तिला रडू आवरेना. तिने पदर तोंडाला लावला, तरी हुंदका बाहेर आलाच. सासऱ्यांनी तिला रडू दिलं. ब्रश स्वच्छ झाला होता, तरी ते पुसतच राहिले.

"एकूण लिहिताना एकदा हात दहाकडे गेला होता," ते म्हणाले. "सवय, दुसरं काय. मग म्हटलं, नको. तिकडे पोचल्यावर तू पेट्या मोजणार. आणि दहावी शोधत बसशील."